दत्तक तिवर

रीमाने ट्रेनिंगहून ती पेटी आणली तेव्हा सत्यवती ओट्यावर पाय पसरून बोकशीला टाके घालत होती. बोकशी म्हणजे खाडीत दोन खुंटांच्या मध्ये बांधायचं पिशवीसारखं जाळं, आणि ते फाटायला नुसतं निमित्त लागतं. पेटी जाड पुठ्ठ्याची होती, वर बगळ्याचं चित्र. डोंगरीच्या बसमधून उतरून सून ते ओझं कडेवर घेऊन चालत आली होती, घामाने भिजली होती आणि तरी तोंडभर हसत होती. सत्यवतीला क्षणभर वाटलं, दिवाळी जवळ आलीय, मिठाईच दिली असणार. पेटी उघडली तर आत नुसते कागद.

कागद म्हणजे तरी किती! चित्रांची कार्डं, भिंतीवर लावायचे तक्ते, खेळायचे फासे, आणि मास्तरांनी काय शिकवायचं ते सांगणारी एक जाडी मार्गदर्शिका. पर्यावरण हा विषय शाळांना नुकताच सक्तीचा झाला होता. कोर्टाने तिवरं तोडायला बंदी घातली होती. तेव्हा मुंबईच्या एका संस्थेने खाडीकाठच्या शाळांसाठी ही पेटी तयार करून शिक्षकांना वाटली. रीमा गावच्या मराठी शाळेत शिक्षणसेवक होती, अजून कायम व्हायची होती, त्यामुळे कुणी काहीही दिलं तरी ती जिवापाड करायची. तिचं माहेर भाईंदर शहरातल्या जेसल पार्कचं. बाप कोळीच, पण जन्म ऑफिसात गेलेला. पोरीने चिखलात पाय घातला तो लग्नानंतर, आणि तोही फोटो काढायला.

सत्यवतीला सुनेचा अभिमान मात्र भारी. भाईंदरच्या बाजारात टोपली मांडून बसली की गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, 'माजी सून मास्तरीन हाय' हे ती ऐकवायचीच. एकदा एका गुजराती बाईला तिने हे इतक्या वेळा हिंदीतून सांगितलं की ती बिचारी मासे न खाणारी, नुसता रस्ता विचारायला थांबलेली, 'अच्छा अच्छा' करत निघून गेली. घरात मुलगा परेश मीरा रोडला कुरियरच्या कामाला, नवरा बाळाराम खाडीवर, आणि सत्यवती दोन्हीकडे. सकाळी चिखलात, दुपारी बाजारात.

जेवणं झाली की रीमा मार्गदर्शिका मोठ्याने वाचायची. आई, ऐका तर, म्हणायची. सत्यवती ऐकायची. तिवराला पुस्तकात कांदळवन म्हणतात हे ऐकून ती हसली, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशाच्या चित्राला पंखासारखं काहीतरी काढलं होतं ते बघून आणखी हसली. पण दिवसभर मांडीपर्यंत चिखल तुडवलेल्या बाईचे डोळे किती वेळ उघडे राहणार? 'झाड दत्तक घेऊ या' हा उपक्रम रीमाने वाचला त्या रात्री सत्यवती भिंतीला टेकून चक्क घोरत होती. प्रत्येक मुलाने खाडीकाठचं आपलं असं एक झाड निवडायचं, घरातल्या जुन्या कापडाची चिंधी त्याला बांधायची आणि वर्षभर ते झाड बघायचं, त्याला फुलं कधी येतात, त्याच्यावर कोण बसतं. यातलं अक्षर तिच्या कानात शिरलं नाही.

शिरलं असतं तर ती ताडकन उठून बसली असती. कारण त्या खाडीवर चिंधी कुणी उगाच बांधत नसे.

जाळं लावायच्या जागा वाडवडिलांपासून ठरलेल्या. ज्याची जागा त्याने समोरच्या तिवराला आपल्या घरचं फडकं बांधायचं; ते फडकं असेपर्यंत तिथे दुसऱ्याने खुंटाला हात लावायचा नाही. ना कागद ना सही, पण कुणी मोडत नव्हतं. बाळाराम आणि त्याचा थोरला भाऊ यांची जागा एकच. बापाने मरताना वाटणी करून दिली ती उधाणांची: पुनवेचं उधाण बाळारामचं, अवसेचं थोरल्याचं. थोरला भाऊ गेला, तेव्हा अवसेचं उधाण त्याच्या मुलाकडे, लवूकडे आलं. आणि चार वर्षांमागे लवूही गेला, त्याच जागी, पाण्यात. बाळाराम तापाने फणफणलेला, बोकशी पाण्यात, भरती चढत होती. लवू म्हणाला, काका झोपून राहा, मी काढतो. खुंट उपसला, जाळं अंगावर आलं. उधाण पुनवेचं होतं.

हे गावाला माहीत होतं. बाळारामच्या घराने मात्र ते कधी तोंडातून काढलं नाही. बाराव्याला सगळे राबले, लवूच्या घराला पावसाळ्याचा लाकूडफाटा भरून दिला, पण 'तो आमच्यासाठी गेला' हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. न बोलता दिवस गेले, आणि मग बोलायची वेळ टळून गेल्यासारखं झालं. लवूची आई गोदूबाई साठीची, गुडघे धरलेले; पण महिना झाला नाही तोच ती सून हंसाला घेऊन अवसेच्या उधाणाला उभी राहिली. तेव्हापासून एकही अवस तिने चुकवली नव्हती. सत्यवती आणि ती, दोघी जावा, खळ्यावर शेजारी शेजारी जवळा वाळत घालायच्या, तंबाखू एकमेकींना द्यायच्या, आणि बोलणं सगळं इकडचंतिकडचं.

त्या साली खाडीत काही मिळत नव्हतं. वरच्या अंगाला भराव पडत होता, पाण्याला साबणासारखा फेस यायचा, बोकशीत कोळंबीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. एक पिशवी भरून आली की बाळाराम ती झटकून बांधावर टाकायचा आणि खाडीलाच शिव्या घालायचा. म्हणून कार्तिकातल्या पुनवेकडे सगळ्यांचे डोळे लागले होते; थंडीच्या तोंडाशी एखादं उधाण तरी कोळंबी देऊन जातं.

उधाण धरायच्या सकाळी सत्यवती आपलं लाल फडकं कमरेला खोचून पुढे गेली. ओहोटी लागली होती. तिवरांची टोकदार मुळं चिखलातून वर आलेली, त्यांच्यामधून तिरका पाय टाकत, कालवांनी कापलेली टाच उचलून धरत ती जागेपाशी पोचली आणि थबकली. त्यांच्या तिवराला एक चिंधी बांधलेली होती. निळी, पिवळ्या काठाची, दुहेरी गाठ मारलेली. ते लुगडं सगळं गाव ओळखत होतं. गोदूबाई वर्षानुवर्षं तेच नेसून बाजारात जायची.

पुनवेला गोदूबाईचं फडकं! सत्यवतीच्या डोक्यात तिडीक गेली. शाळेतल्या पोरांनी चिंध्या बांधल्या होत्या त्या शाळेजवळच्या बांधावर, वळणाच्या पलीकडे. इथे ही एकटीच होती. सत्यवतीने काही विचार केला नाही. गाठ सुटेना तशी दातांनी सोडवली, चिंधी मुठीत धरली आणि चिखलाच्या पायांनी तशीच खळ्यावर गेली.

खळ्यावर बायांची गर्दी होती. गोदूबाई वाकून जवळा पसरत होती. सत्यवतीने ती चिंधी तिच्या जवळ्यावर फेकली आणि तोंड सोडलं. सत्यवतीचं तोंड सुटलं की आवरत नसे, हे बाजारालाही माहीत. भाऊबंदकी काढली, सासऱ्याची वाटणी काढली, गोदूबाईच्या माहेरचंही काढलं. गोदूबाई काय झालं ते न कळून चिंधीकडे बघत राहिली. ती गप्प आहे म्हणून सत्यवती जास्तच भडकली, आणि मग ते बोलून गेली.

"लवूला खाडीनं नेला, तरी तुजा पोट न्हाय भरला? आता आमचा उधान पन पायजे तुना?"

आपण काय बोललो ते सत्यवतीलाच आधी ऐकू आलं. गोदूबाईने हातातला जवळा हळूच खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि सरळ उभी राहिली. गुडघ्यांमुळे तिला उभं राहायला वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ सत्यवतीला तिथे उभं राहावं लागलं.

"घे," गोदूबाई म्हणाली. "पुनव पन तुजी, अवस पन तुजी."

आणि पसरलेला जवळा तसाच टाकून ती घरी गेली.

संध्याकाळी रीमा शाळेतून आली ती गावातून सगळं ऐकूनच आली. दप्तर न ठेवता ती सासूसमोर बसली आणि तिने उपक्रम सांगितला. चिंध्या पोरांनी बांधल्या होत्या. सुलू, लवूची मुलगी, तिच्या चौथीच्या वर्गात. सगळ्यांनी शाळेजवळची झाडं घेतली, पण सुलूने विचारलं होतं, बाई, लांबचं झाड घेतलं तर चालेल का. रीमा म्हणाली होती, तुला आपलं वाटेल ते घे. तिचा बाप ज्या तिवराला दोर बांधायचा ते तिने घेतलं. आजीचं विटलेलं लुगडं फाडून चिंधी केली. कुणाचं उधाण, कसलं फडकं, त्या पोरीला काय ठाऊक! आणि रीमालाही ठाऊक नव्हतं. फडकं बांधणं हे घरात सासू-सासऱ्यांचं काम, कुणी तिला बसवून सांगितलं नव्हतं.

सत्यवतीला दातांनी सोडवलेली ती दुहेरी गाठ आठवली. शरमेने कान तापले. सुनेने एकदा तरी रागवावं असं तिला वाटत होतं, पण रीमा रागावली नाही. चूक माझीपण आहे आई, म्हणाली, झाड कुणाचं आहे ते विचारल्याशिवाय मी पोरांना पाठवायला नको होतं. पुस्तकात नव्हतं, तरी मला सुचायला हवं होतं. सत्यवतीला ते ऐकवेना. ती उठून चुलीपाशी गेली आणि नसलेली राख भरू लागली.

दुसऱ्या दिवशी त्या उधाणातली चांगली कोळंबी निवडून ती गोदूबाईच्या दारात गेली. भर दुपार होती. हंसा बाहेर आली आणि सासूबाई झोपल्यात म्हणाली. आत पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता. सत्यवती टोपली ओटीवर ठेवून आली. ती टोपली रात्रीत तिच्या ओट्यावर परत आली होती, कोळंबीसकट, आणि मांजराने अर्धी पसरून ठेवली होती.

मग अवस आली. गोदूबाई खाडीवर गेली नाही. गावाने बघितलं, खुंट मोकळे होते. पुढच्या पुनवेला बाळाराम बोकशी खांद्यावर टाकून निघाला तेव्हा सत्यवती दारात आडवी उभी राहिली. तो चिडला, खाडीत चार कोळंब्या दिसतायत तेवढ्यात तुला हे सुचतंय, म्हणाला. बायको हलली नाही. आपल्या बाजूने कुणीच उतरलं नाही तर गोदूबाईला कळेल, असं तिच्या मनात होतं. काय कळेल ते तिला सांगता आलं नसतं. तेही उधाण रिकामं गेलं. शेजारच्या जागेवाल्यांची जाळी भरून आली. बाळाराम दिवसभर ओट्यावर बसून बिड्या ओढत राहिला, आणि घरात कालवणाला सुका बोंबील. परेश ताटावर म्हणाला, बायकोची पेटी आली आणि घरातले मासे गेले. रीमाने पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

सुलूचंही शाळेत येणं बंद झालं. आजी पाठवत नाही, एवढंच पोरं सांगायची. हे मात्र रीमाला लागलं. त्यातच संस्थेची माणसं पेटीचा वापर बघायला येणार, पालकांनाही बोलवायचं, असा निरोप आला. शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं, ते चिंध्यांचं प्रकरण काही काढू नका, तुम्हाला कायम व्हायचंय ना. रीमा हो म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी एकटी गोदूबाईकडे जाऊन आली. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही; डोळे लाल होते.

त्या दिवशी वर्गात तरटं अंथरली होती. भिंतीवर पोरांनी काढलेली तिवरं, बगळे, चिंबोऱ्या. संस्थेच्या सुचेता मॅडम कॉटनची साडी नेसून आल्या होत्या, आवाज मऊ, खाली तरटावरच बसल्या. बाया आल्या, थोडे बापये मागे भिंतीला टेकून उभे राहिले. सत्यवती धुतलेलं लुगडं नेसून पुढे बसली होती, सासू म्हणून बसणं भागच होतं. पोरं तक्ते दाखवत होती तेवढ्यात दारात हंसा दिसली, तिचा हात धरून सुलू, आणि मागे गोदूबाई. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच टेकली. सगळ्या माना तिकडे वळल्या आणि मग सत्यवतीकडे.

पेटीत पालकांसाठी एक कार्ड होतं. रीमाने ते वाचलं: आपल्या घराला खाडीने काय दिलं? बाया आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग एकेक बोलू लागली. कोणी म्हणालं चिंबोऱ्यांवर पोरीचं लग्न झालं, कोणी म्हणालं जळण, कोणी म्हणालं खाडीची हवा. मॅडम मान डोलवत होत्या. एका म्हाताऱ्याने खाडीने आपल्याला खरूज दिली असं सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग हसला.

खळ्यावर बोलले ते चारचौघींत, मग त्याची भरपाई बंद दाराआड टोपली ठेवून कशी होईल, हे सत्यवतीला इतक्या दिवसांत उमजलं होतं. तरी उठवत नव्हतं. सुनेची नोकरी समोर दिसत होती. मोठ्या बाई समोर बसल्या होत्या. तिने रीमाकडे बघितलं. रीमाने कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही सांगा."

सत्यवती उठली. हात कुठे ठेवावे ते कळेना म्हणून तिने पदराचं टोक धरलं.

"खाडीनं आमाना सगला दिला," ती म्हणाली. "घर दिला. पोराचा शिक्षन दिला. न् नेला तो यांच्या घरातला नेला." तिने उंबऱ्याकडे हात केला. "पुनवेचा उधान व्हता. आमचा. ह्येंना ताप व्हता. जाला आमचा व्हता. लवू आमचा जाला काढाला गेला न् आला न्हाय. तो आमच्यासाठी गेला. हे आमी कोनी कंदी बोललो न्हाय. न् त्याच्यावर मी त्या दिशी खल्यावर काय बोलली ते तुमी समद्यांनी आयकला. चिंधी पोरीनं बांधली व्हती, तिच्या बापाच्या झाडाला. माजी जीभ झडाला पायजे व्हती."

ती मटकन खाली बसली. मागे भिंतीला टेकलेला बाळाराम डोळे पुसत होता, कुणी बघतंय याची पर्वा न करता. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. सुचेता मॅडमना किती कळलं कोण जाणे, पण त्या गप्प राहिल्या, आणि तेच बरं झालं. रीमा खाली बसून सासूच्या पाठीवर हात ठेवून होती.

गोदूबाईने सुलूला पाठीला हात लावून आत ढकललं. सुलू जाऊन आपल्या जागेवर बसली.

कार्यक्रम सुटल्यावर सत्यवती बांधावरून एकटीच निघाली. रीमाला मॅडमनी थांबवून घेतलं होतं. खाडीकाठच्या शाळांना पुन्हा हा उपक्रम द्यायचा तर आधी काय विचारायचं, ते त्यांना तिच्याकडून लिहून हवं होतं. मागून पाय ओढत चालण्याचा आवाज आला. सत्यवती थांबली. गोदूबाई जवळ आली, दम खायला थांबली. दोघी खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भरती चढत होती, तिवरांची मुळं एकेक करून पाण्याखाली जात होती.

"बाय," सत्यवती म्हणाली, "परवा अवस हाय. तुजा उधान तू घे. मी जाला उचलाला येतंय तुज्यासंगं."

गोदूबाईने नाही म्हणून मान हलवली.

"मना न्हाय जायाचा आता तिथं," ती म्हणाली. "मना कंदीच जायाचा नव्हता, सत्ये. त्या पान्यात पाय टाकला की माजा पोर मना पायाला लागतो. पन मी न्हाय गेली असती तर तुमी इसरला असता. गाव इसरला असता. म्हनून उभी रवायची. हर अवसेला तुमच्या नजरंसमोर उभी रवायची." ती जरा थांबली. "आज तू बोललीस. आता बसतंय मी घरी."

तिने सत्यवतीच्या दंडाला धरलं, उतारावर तोल सांभाळायला, आणि दोघी खाली उतरल्या. गोदूबाई आपल्या वाटेला वळली.

अवसेला सत्यवती आणि बाळाराम खाडीत उतरले. गोदूबाईच्या घरी अर्धा वाटा पोचवायचा हे बोलून ठरवावं लागलं नाही. पाणी थंड होतं, कंबरेपर्यंत आलं होतं. खुंटाला दोर आवळताना सत्यवतीच्या पायाला चिखलात काहीतरी लागलं, मूळ असेल, लाकूड असेल. ती तशीच उभी राहिली. चार वर्षं इथे दर महिन्याला ती उतरली होती आणि तिला कधी काही लागलं नव्हतं. पलीकडून बाळाराम ओरडत होता, दोर ओढ, पाणी फिरतंय. तिने दोर ओढला, आणि ओढता ओढता ती मोठ्याने रडू लागली.